प्रकाशप्रवासकाल

प्रकाशप्रवासकाल म्हणजे एका स्थानाहून निघालेल्या प्रकाशाला दुसऱ्या स्थानी पोहोचण्यास लागणारा काळ होय. प्रकाशाचा वेग अतिशय मोठा असला तरी तो मर्यादित आहे. त्यामुळे कोणतीही खगोलीय वस्तू निरीक्षकाला 'आता' जशी आहे तशी न दिसता, तिच्यापासून प्रकाश निघाला त्या वेळी जशी होती तशी दिसते. रेडिओ तरंग हे प्रकाशाप्रमाणेच विद्युत-चुंबकीय तरंग असल्याने अंतराळयानांकडून येणारे संदेश आणि रेडिओ दुर्बिणींनी टिपलेले संकेत यांनाही हाच नियम लागू पडतो.

पुणे जिल्ह्यातील खोडद (ता. जुन्नर) येथील जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप (जीएमआरटी) या दुर्बिणीचे संपूर्ण कार्य प्रकाशप्रवासकालाच्या अचूक गणितावर अवलंबून आहे. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी या दुर्बिणीने मंगळावर उतरू पाहणाऱ्या स्कियापारेल्ली यानाचा संकेत टिपला. ही घटना प्रकाशप्रवासकाल म्हणजे काय हे समजून घेण्यासाठी उत्तम उदाहरण ठरते.

## सूत्र

प्रकाशप्रवासकाल काढण्याचे मूळ सूत्र साधे आहे :

काल = अंतर ÷ प्रकाशाचा वेग

निर्वातातील प्रकाशाचा वेग सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर, म्हणजे सुमारे तीन लाख किलोमीटर आहे. १९८३ साली मीटरची व्याख्याच प्रकाशाच्या वेगाच्या आधारे करण्यात आली. त्यामुळे ही संख्या आता मोजमापातून येणारी नसून व्याख्येने निश्चित झालेली आहे.

सूर्यमालेतील अंतरे कोटी किलोमीटरमध्ये मांडली असता गणित सोपे होते. एक कोटी किलोमीटर अंतर कापण्यास प्रकाशाला ३३.३५६ सेकंद लागतात. म्हणून अंतर जितके कोटी किलोमीटर असेल त्या संख्येस ३३.३५६ ने गुणल्यास प्रवासकाल सेकंदांत मिळतो. उदाहरणार्थ, पृथ्वी आणि सूर्य यांतील सरासरी अंतर १४.९६ कोटी किलोमीटर आहे.

१४.९६ × ३३.३५६ = ४९९ सेकंद = ८ मिनिटे १९ सेकंद

पृथ्वीची कक्षा पूर्ण वर्तुळाकार नाही. जानेवारीच्या आरंभी पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ (१४.७१ कोटी किमी) असते, तेव्हा हा काळ ८ मिनिटे ११ सेकंद असतो. जुलैच्या आरंभी ती सर्वांत दूर (१५.२१ कोटी किमी) असते, तेव्हा तो ८ मिनिटे २७ सेकंद होतो.

## प्रकाशवर्ष

ताऱ्यांची अंतरे किलोमीटरमध्ये सांगणे गैरसोयीचे असल्याने प्रकाशवर्ष हे एकक वापरतात. प्रकाश एका वर्षात जितके अंतर कापतो ते एक प्रकाशवर्ष. हे अंतर सुमारे ९ लाख ४६ हजार कोटी किलोमीटर आहे. नावात 'वर्ष' हा शब्द असला तरी प्रकाशवर्ष हे कालाचे नव्हे, तर अंतराचे एकक आहे. या एककाची सोय अशी की, ताऱ्याचे अंतर प्रकाशवर्षांत ठाऊक असेल तर निराळे गणित करावे लागत नाही. २५ प्रकाशवर्षे दूर असलेल्या अभिजित ताऱ्याचा प्रकाश २५ वर्षांपूर्वी निघालेला असतो.

## इतिहास

प्रकाश एका ठिकाणाहून दुसरीकडे तत्काळ पोहोचतो, असा समज दीर्घकाळ होता. तो मोडला तो प्रकाशप्रवासकालाच्या मापनामुळेच. पॅरिसच्या वेधशाळेत काम करणारा डॅनिश खगोलशास्त्रज्ञ ओले रोमर गुरूच्या आयो या उपग्रहाच्या ग्रहणांच्या वेळा तपासत होता. आयो सुमारे साडेबेचाळीस तासांत गुरूभोवती एक प्रदक्षिणा पूर्ण करतो, त्यामुळे त्याची ग्रहणे ठरावीक अंतराने व्हावयास हवीत. परंतु पृथ्वी गुरूपासून दूर जात असताना ही ग्रहणे क्रमाने उशिरा, तर जवळ येत असताना लवकर दिसत. ९ नोव्हेंबर १६७६ चे ग्रहण अपेक्षेपेक्षा दहा मिनिटे उशिरा दिसेल, असे भाकीत रोमरने आधीच केले होते. आयोच्या गतीत कोणताही दोष नसून वाढलेले अंतर कापण्यास प्रकाशाला अधिक वेळ लागतो, हे त्याचे स्पष्टीकरण होते. पृथ्वीच्या कक्षेचा व्यास ओलांडण्यास प्रकाशाला सुमारे २२ मिनिटे लागतात, असे त्याने काढले. आजचे मूल्य सुमारे १६ मिनिटे ३८ सेकंद आहे. संख्येत चूक असली तरी तत्त्व अचूक होते.

इ. स. १७२९ मध्ये जेम्स ब्रॅडली याने ताऱ्यांच्या स्थानांत वर्षभरात दिसणाऱ्या सूक्ष्म बदलावरून सूर्यप्रकाश पृथ्वीवर ८ मिनिटे १२ सेकंदांत येतो असे दाखविले. १८४९ मध्ये इपोलित फिझो याने फिरत्या दातेरी चाकाच्या साहाय्याने, सुमारे ८.६ किलोमीटर दूर ठेवलेल्या आरशावरून परतणाऱ्या प्रकाशाचा काळ जमिनीवर मोजला.

प्रकाशवेगाच्या संदर्भात चौदाव्या शतकातील सायणाचार्यांच्या ऋग्वेदभाष्यातील योजने आणि निमिष यांच्या उल्लेखाचा दाखला पुष्कळदा दिला जातो. तो उल्लेख सूर्याच्या गमनाविषयीचा आहे, त्यात मापनाची पद्धत सांगितलेली नाही. योजन आणि निमिष यांची मूल्ये निरनिराळ्या ग्रंथांत निरनिराळी असल्याने त्यातून निघणारा वेगही निवडलेल्या मूल्यांनुसार बदलतो.

## निरनिराळ्या अंतरांचे प्रवासकाल

### पृथ्वीवर

प्रकाश एक किलोमीटर अंतर सुमारे ३.३ मायक्रोसेकंदांत कापतो (एक मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग). हवेतून ध्वनीला तेवढ्याच अंतरास सुमारे तीन सेकंद लागतात. म्हणूनच वीज आधी दिसते व गडगडाट मागाहून ऐकू येतो. पुणे शहरापासून मुळशी धरण सरळ रेषेत सुमारे ३५ किलोमीटर आहे. हे अंतर प्रकाश सुमारे ११७ मायक्रोसेकंदांत कापतो. तेवढ्याच लांबीच्या ऑप्टिकल फायबरमधून मात्र त्याला सुमारे १७२ मायक्रोसेकंद लागतील, कारण काचेत प्रकाशाचा वेग निर्वातातील वेगाच्या सुमारे दोन-तृतीयांश असतो.

दैनंदिन व्यवहारात हा विलंब मनुष्याला प्रथम जाणवला तो उपग्रहाद्वारे होणाऱ्या दूरध्वनी संभाषणात. पुणे जिल्ह्यातच नारायणगावजवळील आर्वी येथे विक्रम भूकेंद्र असून, १९७० च्या दशकाच्या आरंभापासून ते उपग्रह संदेशवहनासाठी वापरले जाऊ लागले. भूस्थिर उपग्रह विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. बोललेला शब्द उपग्रहापर्यंत जाऊन दुसऱ्या टोकाला उतरेपर्यंत किमान ०.२४ सेकंद जातात आणि उत्तर परत येईपर्यंत जवळजवळ अर्धा सेकंद होतो. अशा संभाषणात दोघेही एकाच वेळी बोलू लागत, त्याचे कारण हेच होते.

### अंतराळात

| स्थान | पृथ्वीपासूनचे अंतर | प्रकाशप्रवासकाल (एकेरी) |
|---|---|---|
| चंद्र (सरासरी) | ३,८४,४०० किमी | १.२८ सेकंद |
| आदित्य-एल१ यान | सुमारे १५ लाख किमी | ५ सेकंद |
| मंगळ (सर्वांत जवळ) | सुमारे ५.४६ कोटी किमी | ३ मिनिटे २ सेकंद |
| सूर्य (सरासरी) | १४.९६ कोटी किमी | ८ मिनिटे १९ सेकंद |
| मंगळ (सर्वांत दूर) | सुमारे ४०.१ कोटी किमी | २२ मिनिटे १८ सेकंद |
| गुरू | सुमारे ५९ ते ९७ कोटी किमी | ३३ ते ५४ मिनिटे |
| नेपच्यून | सुमारे ४३० ते ४७० कोटी किमी | ४ तास ते ४ तास २१ मिनिटे |
| समीप मित्र (सूर्याव्यतिरिक्त सर्वांत जवळचा तारा) | ४.२४ प्रकाशवर्षे | ४.२४ वर्षे |
| व्याध | ८.६ प्रकाशवर्षे | ८.६ वर्षे |
| रोहिणी | सुमारे ६५ प्रकाशवर्षे | सुमारे ६५ वर्षे |
| मघा | सुमारे ७९ प्रकाशवर्षे | सुमारे ७९ वर्षे |
| कृत्तिका तारकागुच्छ | सुमारे ४४० प्रकाशवर्षे | सुमारे ४४० वर्षे |
| देवयानी दीर्घिका | सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे | सुमारे २५ लाख वर्षे |

या आकड्यांचा अर्थ परिचित घटनांशी ताडून पाहता येतो. २०२५ च्या सुमारास दिसणारा रोहिणीचा प्रकाश १९६० साली महाराष्ट्र राज्याची स्थापना झाली त्या सुमारास निघाला. मघाचा आज दिसणारा प्रकाश भारताच्या स्वातंत्र्यप्राप्तीच्या सुमारास, तर कृत्तिकांचा प्रकाश शिवाजी महाराजांच्या जन्माच्याही (१६३०) आधी निघाला. शहराच्या झगमगाटापासून दूर, मुळशीसारख्या परिसरातून हिवाळ्यातील अंधाऱ्या रात्री देवयानी दीर्घिका नुसत्या डोळ्यांना पुसट ढगासारखी दिसू शकते. तो प्रकाश निघाला तेव्हा पृथ्वीवर आजच्या मनुष्यजातीचा उदय झालेला नव्हता. म्हणजे एकाच रात्री, एकाच आकाशात निरीक्षकास अनेक निरनिराळे काळ एकत्र दिसत असतात.

## खोडद येथील दुर्बीण

जीएमआरटी ही टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची दुर्बीण आहे. तिची उभारणी प्रा. गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांच्या नेतृत्वाखाली झाली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाचे ३० अँटेना तीत आहेत. त्यांपैकी १४ मध्यवर्ती भागात सुमारे एक चौरस किलोमीटर क्षेत्रात, तर उरलेले १६ इंग्रजी 'वाय' अक्षराच्या आकाराच्या तीन शाखांवर पसरलेले आहेत. सर्वांत दूरच्या दोन अँटेनांमध्ये सुमारे २५ किलोमीटर अंतर आहे.

### विलंबाचे गणित

हे सर्व अँटेना मिळून एकच मोठी दुर्बीण म्हणून काम करतात. त्यासाठी आकाशातील एका स्रोताकडून आलेली तीच लाट प्रत्येक अँटेनाने टिपल्यावर ते संकेत परस्परांशी जुळवावे लागतात. स्रोत थेट डोक्यावर असेल तर लाट सपाटीवरील सर्व अँटेनांवर एकाच वेळी पोहोचते. स्रोत कललेला असेल तर ती एका अँटेनावर आधी आणि दुसऱ्यावर नंतर पोहोचते. स्रोत खमध्यापासून ३० अंश कललेला असून दोन अँटेना त्याच दिशेत २५ किलोमीटर अंतरावर असतील, तर लाटेला १२.५ किलोमीटर अधिक प्रवास करावा लागतो. त्यास सुमारे ४२ मायक्रोसेकंद लागतात. स्रोत क्षितिजावर असता हा विलंब जास्तीत जास्त, म्हणजे सुमारे ८३ मायक्रोसेकंद होईल.

अँटेनांकडून संकेत ऑप्टिकल फायबरने मध्यवर्ती इमारतीत आणले जातात. त्या तारांच्या निरनिराळ्या लांबीमुळे पडणारा विलंबही हिशेबात धरावा लागतो. पृथ्वीच्या परिवलनामुळे स्रोताची दिशा सतत बदलते, म्हणून ही दुरुस्ती निरीक्षण चालू असताना अखंड करावी लागते. २१ सेंटिमीटर लांबीच्या रेडिओ लाटेचे एक आवर्तन सेकंदाच्या एक अब्जांश भागापेक्षाही कमी वेळात पूर्ण होते. इतक्या सूक्ष्म पातळीवर काळ जुळला नाही तर ३० अँटेनांचे संकेत एकत्र येऊन स्पष्ट चित्र तयार होत नाही.

### स्कियापारेल्ली यानाचा संकेत (२०१६)

युरोपीय अंतराळ संस्थेचे स्कियापारेल्ली हे यान १९ ऑक्टोबर २०१६ रोजी मंगळावर उतरणार होते. त्याचा सुमारे ४०१ मेगाहर्ट्झ कंप्रतेचा क्षीण संकेत मुख्यतः मंगळाभोवतीच्या मातृयानासाठी होता. तो पृथ्वीवरून थेट ऐकण्याचा प्रयोग खोडद येथे करण्यात आला व यशस्वी झाला. त्या दिवशी मंगळ सुमारे १७.६ कोटी किलोमीटर दूर होता.

१७.६ × ३३.३५६ = ५८७ सेकंद = ९ मिनिटे ४७ सेकंद

मंगळाच्या वातावरणात प्रवेशाची वेळ भारतीय प्रमाणवेळेनुसार रात्री सुमारे ८ वाजून १२ मिनिटे, आणि पृष्ठभागावर उतरण्याची नियोजित वेळ सुमारे ८ वाजून १८ मिनिटे होती. प्रवेशाच्या क्षणी निघालेला संकेत खोडदला ८ वाजून २२ मिनिटांच्या सुमारास पोहोचला. यान वातावरणात शिरत असल्याचे येथे कळले, तेव्हा मंगळावर त्याचे भवितव्य ठरून सुमारे चार मिनिटे उलटून गेली होती. यानंतर संकेताच्या कंप्रतेतील बदलावरून यानाचा वेग कमी होत असल्याचे आणि हवाई छत्री उघडल्याचे दिसले. नियोजित उतरण्याच्या सुमारे ५० सेकंद आधी निघालेल्या लाटांनंतर मात्र संकेत थांबला.

पुढील चौकशीत असे आढळले की, यानाच्या परिभ्रमणाची नोंद घेणाऱ्या उपकरणाच्या वाचनामुळे संगणकाने उंचीचे चुकीचे गणित केले, छत्री अकाली सोडली आणि वेग रोखणारी इंजिने सुमारे तीन सेकंदांतच बंद केली. यान सुमारे ३.७ किलोमीटर उंचीवरून कोसळून नष्ट झाले. चूक लक्षात येताच पृथ्वीवरून आज्ञा धाडली असती, तरी ती पोहोचण्यास आणखी ९ मिनिटे ४७ सेकंद लागली असती. उतरण्याची संपूर्ण प्रक्रिया सहा मिनिटांपेक्षा कमी काळाची असल्याने तीत पृथ्वीवरून हस्तक्षेप करणे कोणत्याही उपायाने शक्य नव्हते.

याच कारणास्तव दूरच्या यानांचे निर्णायक टप्पे आधी पाठविलेल्या आज्ञांनुसार आपोआप पार पाडले जातात. २४ सप्टेंबर २०१४ रोजी भारताचे मंगळयान मंगळाच्या कक्षेत शिरले, त्या वेळी एकेरी प्रवासकाल सुमारे साडेबारा मिनिटे होता आणि इंजिन चालविण्याच्या आज्ञा यानात अगोदरच भरून ठेवलेल्या होत्या.

## अचूक गणितातील दुरुस्त्या

स्थूल उत्तरासाठी अंतरास वेगाने भागणे पुरेसे असते. अधिक अचूकता हवी असल्यास पुढील बाबी विचारात घ्याव्या लागतात.

* स्रोताची गती : प्रकाश वाटेत असताना स्रोत पुढे सरकतो. मंगळाचा कक्षेतील वेग सेकंदाला सुमारे २४ किलोमीटर आहे. ५८७ सेकंदांत तो सुमारे १४,००० किलोमीटर, म्हणजे स्वतःच्या व्यासाच्या दुपटीहून अधिक सरकतो. म्हणून प्रकाश निघाला त्या क्षणीचे मंगळाचे स्थान आणि प्रकाश पोहोचला त्या क्षणीचे पृथ्वीचे स्थान यांतील अंतर घ्यावे लागते. यासाठी प्रथम स्थूल काल काढतात, तेवढा वेळ मागे जाऊन ग्रहाचे स्थान पाहतात आणि नव्या अंतराने पुन्हा गणित करतात.
* माध्यम : पाण्यात किंवा काचेत प्रकाश मंदावतो. ताऱ्यांमधील विरळ आयनीभूत वायूमुळे कमी कंप्रतेचे रेडिओ तरंग जास्त कंप्रतेच्या तरंगांपेक्षा मागे पडतात. वृषभ राशीतील क्रॅब तेजोमेघात असलेल्या पल्सारचा (स्पंदक ताऱ्याचा) एकच स्पंद १४०० मेगाहर्ट्झच्या मानाने ४०० मेगाहर्ट्झवर सुमारे १.३५ सेकंद उशिरा पोहोचतो. सुमारे ६,५०० वर्षांच्या प्रवासात पडलेला हा फरक असतो.
* गुरुत्वाकर्षण : सूर्याजवळून जाणाऱ्या संकेतास किंचित अधिक वेळ लागतो. अर्विन शापिरो यांनी १९६४ मध्ये सुचविलेला हा परिणाम रडारच्या परतीच्या संकेतांत सुमारे २०० मायक्रोसेकंदांपर्यंत आढळतो.

## विश्वाचे प्रसरण

अतिदूरच्या दीर्घिकांबाबत साधे सूत्र अपुरे पडते, कारण प्रकाश वाटेत असताना विश्व प्रसरण पावत असते. प्रकाशाने जितकी वर्षे प्रवास केला तितकी प्रकाशवर्षे ती दीर्घिका आज दूर आहे, असे म्हणता येत नाही. तिचे आजचे अंतर त्याहून अधिक असते.

याचे उदाहरणही खोडद येथील निरीक्षणातून मिळते. जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार एका दूरच्या दीर्घिकेतील हायड्रोजनचा २१ सेंटिमीटर लांबीचा तरंग जीएमआरटीने टिपला. त्याची ताम्रसृती १.२९ होती. म्हणजे विश्वाच्या प्रसरणाने मूळचा २१ सेंटिमीटरचा तरंग ताणला जाऊन सुमारे ४८ सेंटिमीटर झाला होता. हा तरंग निघाला तेव्हा विश्वाचे वय सुमारे ४९० कोटी वर्षे होते आणि त्याने सुमारे ८८० कोटी वर्षे प्रवास केला. त्या दीर्घिकेचे आजचे अंतर मात्र सुमारे १,३०० कोटी प्रकाशवर्षे येते.

दीर्घिकांचा विस्तार सांगतानाही प्रकाशप्रवासकालाचा आधार घेतला जातो. २०१७ मध्ये पुण्याच्या आयुका या संस्थेतील संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मीन राशीच्या दिशेस 'सरस्वती' हा दीर्घिकांचा महासमूह शोधल्याचे जाहीर केले. त्याचा विस्तार सुमारे ६० कोटी प्रकाशवर्षे आहे. म्हणजे त्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकास जाण्यास प्रकाशाला सुमारे ६० कोटी वर्षे लागतील.

## प्रचलित गैरसमज

'आकाशात दिसणारे बहुतेक तारे केव्हाच नष्ट झाले आहेत' असे विधान वारंवार केले जाते. ते बरोबर नाही. नुसत्या डोळ्यांनी दिसणारे बहुसंख्य तारे काही हजार प्रकाशवर्षांच्या आतील आहेत, तर ताऱ्यांचे आयुष्य लाखो ते अब्जावधी वर्षांचे असते. त्यामुळे त्यांपैकी जवळजवळ सर्व तारे आजही अस्तित्वात असणार. जुनी असते ती त्यांची बातमी, आणि ती किती जुनी आहे हे अंतरावरून काढता येते.

स्फोट झालेल्या ताऱ्यांबाबतही दोन वेळा वेगळ्या ठेवाव्या लागतात. क्रॅब तेजोमेघ निर्माण करणारा स्फोट इ. स. १०५४ मध्ये चिनी निरीक्षकांनी पाहिला. तो तेव्हा दिसला, परंतु घडला त्यापूर्वी सुमारे ६,५०० वर्षे. खगोलशास्त्रात घटनेची नोंद सामान्यतः ती पृथ्वीवर दिसली त्या दिनांकाने करतात. अंतराळयानांच्या बाबतीत मात्र यानावरील वेळ आणि पृथ्वीवर संकेत पोहोचल्याची वेळ अशा दोन्ही वेळा स्वतंत्रपणे लिहिण्याची पद्धत आहे. या दोहोंतील फरक म्हणजेच प्रकाशप्रवासकाल होय.

## हे सुद्धा पाहा

* प्रकाशाचा वेग
* प्रकाशवर्ष
* जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप
* मंगळयान
* ताम्रसृती